गळाला जागा ठेव

अवं, पाकीट मी उघडून पाहिलं. मिशिगनहून आपल्या मावसभावानं पाठवलेल्या त्या रबरी ट्यूब चांगल्या आहेत. मऊ आहेत, भिंत पातळ आहे, झालर नीट कापलेली आहे. साडेतीन इंच लांबी, तोंडाकडून बंद, आतून पोकळ आणि मागे बारीक पट्ट्या. तू मला दोन गोष्टी विचारल्यास. याला गळ कोणता लावू, आणि आधी कोणता रंग टाकू? रंगाचं सध्या सोड. पोळ्यापर्यंत पेढी नदीच्या गढूळ पाण्यात रंग तसाही फारसा कळत नाही. गळाचं मात्र तुला बसवून सांगते, कारण ते नीट कोणी सांगत नाही. दुकानदार किमतीवरून सांगतो आणि पोट्टे मोबाईलवर पाहिलेलं सांगतात. चुकीच्या गळानं मासा नुसता निसटत नाही, तोंड फाडून घेऊन निसटतो, आणि ते मला पाहवत नाही.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसव. मऊ प्लास्टिकला गळ निवडताना पहिली नजर प्लास्टिकच्या जाडीवर हवी, माशाच्या आकारावर नंतर. मासा चावला की ट्यूब दबते. दबलेलं प्लास्टिक गळाच्या वाकात जाऊन गोळा होतं. तेवढ्या गर्दीतून टोकाला बाहेर यायला जागा उरली, तरच ते माशाच्या तोंडात रुततं. जागा उरली नाही तर मासा प्लास्टिक चावत राहतो, तू झटका देतेस आणि ट्यूब मोकळीच हातात येते. मग काठावर बसून सगळे दोरीला दोष देतात, काठीला देतात, अमावस्येलाही देतात. गळाची फट कोणी मोजून पाहत नाही.

पाकिटावर ज्याचं चित्र आहे तो बास उत्तर अमेरिकेतला मासा. आपल्या पेढीत तो नाही, पूर्णेत नाही, मोर्शीकडच्या अप्पर वर्धा धरणातही नाही. पण त्याच्यासारखं वागणारी मरळ तुला आपल्या आबाजींनी लहानपणीच ओळखायला शिकवली आहे. दोघांची शिकारीची रीत एकच. लव्हाळ्यात, बुडालेल्या खोडाखाली किंवा जलपर्णीच्या कडेला गप्प बसून राहायचं, आणि बेडूक, झिंगा, लहान मासा जवळून गेला की एका झडपेत ओढून घ्यायचा. म्हणून बाससाठी तयार झालेल्या वस्तू मरळीवर चालतात. आपल्याकडे मरळीच्या मागे लागलेले हौशी लोक आता जे पोकळ रबरी बेडूक टाकतात, ती कल्पनाही बासवाल्यांचीच. पूर्वी गळाला जिवंत बेडूक लावायचे. तू तसं करू नकोस. रबरानं काम होत असताना बेडकाला टोचायचं कशाला?

फरक मात्र ध्यानात ठेव, कारण गळ त्या फरकावरच ठरतो. बासचं तोंड मोठं असतं आणि ओठाकडचा भाग पातळ. मरळीचा जबडा हाडाचा, दात अणकुचीदार, आणि लागली की ती अंगाभोवती पिळे घेत खाली मुळांत शिरते. बाससाठी म्हणून मिळणारा बारीक तारेचा गळ तिच्यापुढे सरळ होऊन जातो. मरळीला तार जाड हवी. आणखी एक. मरळ पाण्याबाहेरची हवा घेऊन जगते, थोड्या थोड्या वेळानं वर येऊन श्वास घेते. तू काठावर शांत उभी राहिलीस तर ती कुठं आहे ते तुला त्या फुटणाऱ्या बुडबुड्यांवरून कळतं. गळ टाकण्याआधी तेवढं थांबत जा. तुझी घाई मला माहीत आहे.

आता या ट्यूबचं थोडं कुळ सांगते, कारण वस्तू कशासाठी जन्मली हे कळलं की ती कशी वापरायची तेही कळतं. मऊ प्लास्टिकचं आमिष म्हणून विकायला सुरुवात केली ती निक क्रीम नावाच्या माणसानं, 1949 च्या सुमारास, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. त्यानं गांडुळाचाच साचा केला होता. पोकळ ट्यूब नंतर आली. तिचं श्रेय बॉबी गार्लंड याला देतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वाळवंटी भागातल्या नितळ तलावांवर तो मासे धरायचा. स्वच्छ पाण्यात मोठी, आवाज करणारी आमिषं पाहून मासा बिचकतो. तिथं हळूच गिरक्या घेत खाली येणारी लहानशी वस्तू लागते, आणि ही पोकळ नळी नेमकी तशी पडते. आपला भाऊ जिथं राहतो तिथलं सेंट क्लेअर सरोवर याच ट्यूबसाठी प्रसिद्ध आहे. 1990 च्या सुमारास तिकडच्या पाण्यात परदेशी जहाजांबरोबर गोबी नावाचा लहान मासा आला आणि तळाशी पसरला. तिथला स्मॉलमाउथ बास त्या गोबीवर पोसू लागला, आणि तळाला घसटत जाणारी शेवाळी ट्यूब त्याला गोबीच वाटते. तिकडे सतरा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना काढावा लागतो. भाऊ दर वर्षी काढतो. परवान्याचं आपल्याकडचंही सांगते, जरा थांब.

आधी गळ हातात घे. वर दोरी ओवायचा डोळा, मग दांडी, मग वाक, मग टोक, आणि टोकामागे उलटा काटा. दांडी आणि टोक यांच्यामधली जी आडवी फट, तिच्यावर आपलं सगळं अवलंबून आहे. आबाजींचे जुने गांडुळाचे गळ पाहा, त्यांची फट अरुंद आहे. गांडूळ बारीक, त्याला तेवढं पुरतं. ट्यूब अंगानं जाड, म्हणून तिला रुंद फटीचाच गळ लागतो. दुकानात त्याला ‘वाइड गॅप’ म्हणतात. त्यातही ज्याच्या दांडीला डोळ्याजवळ पायरीसारखा दुहेरी वाक दिलेला असतो तो ‘ऑफसेट’ माग. त्या पायरीत ट्यूबचं तोंड अडकून बसतं आणि खाली घसरत नाही.

फट पुरते की नाही हे पाहायला मोजपट्टी नको. ट्यूब दोन बोटांत दाबून अगदी चपटी कर. ती चपटी ट्यूब गळाच्या फटीत धर. तेवढंच प्लास्टिक आणखी मावेल इतकी जागा टोकाखाली मोकळी दिसली तर गळ घ्यायचा. टोक प्लास्टिकला लागून बसत असेल तर ठेवून दे, मग तो कितीही नावाजलेला असो. दुकानात लोक पाहतील, पाहू देत. मस्टडसारखी नॉर्वेची कंपनी 1877 पासून यंत्रावर गळ करते आहे, जपानी कंपन्यांचे गळ तर धार लावूनच येतात, पण तुझ्या ट्यूबला कोणता बसेल हे पाकिटावर छापलेलं नसतं. ते हातानंच पाहावं लागतं.

आकड्यांचा गोंधळ एकदाच समजून घे. साधे आकडे वाढतात तसा गळ लहान होत जातो. 6 चा गळ 2 च्या गळापेक्षा बारीक. 1 नंतर मात्र गणित उलटं होतं. 1/0, 2/0, 3/0 असे आकडे येतात आणि ते वाढतात तसा गळ मोठा होतो. दुकानदार ‘दोन नंबर’ म्हणाला की ‘साधा दोन की शून्याचा दोन’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस. तुझ्या साडेतीन इंची ट्यूबला 3/0 घे. पाकिटात तळाशी दोन-चार अडीच इंची दिसल्या, त्यांना 1/0. उद्या चार इंची मागवल्यास तर 4/0. शेवटची परीक्षा अशी, की गळ ट्यूबच्या शेजारी ठेवल्यावर टोक झालरीच्या थोडं अलीकडे, भरीव अंगात यायला हवं. झालरीत गेलं तर पट्ट्या फाटतात. फार पुढे राहिलं तर मासा मागून धरतो आणि गळ त्याच्या तोंडात पोचतच नाही.

धार नखावर पाहायची. टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून ओढ. घसरलं तर बोथट, अडकलं तर ठीक. मरळीच्या हाडाला बोथट गळ लागत नाही, हे अगदी साधं आहे, तरी लोक वर्षभर तोच गंजका गळ वापरतात. वापरलेला ओला गळ नव्यांच्या डबीत कधी परत टाकू नकोस, एकाचा गंज सगळ्यांना लागतो.

आता बांधायचं. शिसं, दोरी आणि गळ यांचा पहिला जोड ‘टेक्सास रिग’ म्हणून ओळखतात. आपल्या वलगावच्या पाण्याला मी तुला हाच सांगेन, कारण पेढीचा काठ तू पाहतेस ना, कसा आहे. बेशरमच्या फांद्या पाण्यात वाकलेल्या, बाभळीचे काटे, पुरात वाहून आलेलं काय काय तळाशी रुतलेलं. उघडं टोक तिथं पहिल्याच फेकीत अडकणार. या जोडात टोक प्लास्टिकमध्ये लपलेलं असतं, म्हणून ते झाडोऱ्यातून सरकत येतं.

आधी दोरीत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं ओव, निमुळतं तोंड काठीकडे. मग गळ बांध. गाठ पालोमर घाल. दोरी दुहेरी करून डोळ्यातून काढ, तिची साधी सैल गाठ मार, जो फास उरतो त्यातून अख्खा गळ पार कर, थुंकीनं ओली कर आणि सावकाश आवळ. कोरडी आवळलीस तर घासून दोरी तिथंच कच्ची होते. विणलेल्या दोरीला ही गाठ फार चांगली धरते. मरळीसाठी तीस-चाळीस पौंडांची विणलेलीच दोरी घे, साध्या नायलॉनला ताण फार. लांबून झटका दिलास तर अर्धा जोर ताणातच जिरतो आणि हाडापर्यंत काही पोचत नाही.

मग गळाचं टोक ट्यूबच्या बंद तोंडात मधोमध घाल, अर्धा सेंटिमीटर आत गेलं की बाजूनं बाहेर काढ. गळ ओढत ने, पायरी तोंडात जाऊन बसेपर्यंत. आता गळ अर्धा फिरव, म्हणजे टोक ट्यूबकडे वळेल. ट्यूब सरळ लोंबू दे आणि वाक कुठं येतो ते नखानं खुणाव. त्या खुणेवर टोक आरपार घाल, दोन्ही भिंतींतून, आणि पलीकडच्या पाठीवर बाहेर काढून अगदी वरच्या कातडीत किंचित खुपसून ठेव. वरून बोट फिरवलं तर टोक लागू नये, दाबलं तर लगेच बाहेर यावं. सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूब सरळ दिसली पाहिजे. जराशी जरी मुरडली किंवा गोळा झाली, तर ओढताना पाण्यात गरगर फिरते आणि दोरीला पीळ भरतो. खूण चुकली असेल तर काढून परत घाल. एक ट्यूब वाया गेली तरी चालेल.

ट्यूबचं दुखणं असं, की तिच्या तोंडाचं प्लास्टिक थोडंच असतं. दोन-तीन झटक्यांनी भोक मोठं होतं आणि ती डोळ्यावरून खाली घसरून गळावर गोळा होते. त्यावर सोपा उपाय आहे. ट्यूबच्या तोंडातून, आत बसलेल्या गळाच्या डोळ्यातून दात कोरायची काडी आडवी घाल आणि दोन्ही बाजूंनी अंगाबरोबर तोडून टाक. जाड नायलॉनचा तुकडाही चालतो, तो तर भिजून फुगत नाही. एवढं केलंस की तीच ट्यूब बराच वेळ टिकते. दुसरी एक काडी शिशाच्या भोकात खोचून तोड, म्हणजे शिसं गळाला चिकटून राहील. नाहीतर शिसं एका फांदीच्या अलीकडे आणि ट्यूब पलीकडे, असं होऊन बसतं.

शिसं हलकं घे. साडेतीन ग्रॅम ते पाच ग्रॅम पेढीच्या डोहाला पुरे. जड शिसं दगडासारखं सरळ तळाच्या काळ्या गाळात जाऊन बसतं, आणि ट्यूबची सगळी जादू तर पडण्यात आहे. मासा बहुतेक वेळा ती खाली येतानाच घेतो. म्हणून फेकल्यावर रीळ लगेच फिरवायला लागू नकोस. दोरीकडे पाहत राहा. पडत असलेली दोरी मधेच थांबली किंवा बाजूला चालू लागली, तर कोणीतरी घेतली आहे. सैल दोरी आधी गोळा कर, काठी खाली ने आणि मग वर जोरात, एकदाच. मरळ वरच्यावर पाणी उडवून झडप घालते तेव्हा मात्र क्षणभर थांबायचं, तिला तोंड मिटून वळू द्यायचं. त्या पाण्याच्या आवाजानं हात आपोआप उचलला जातो. त्याला आवर घालणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

दुसरा जोड आतल्या शिशाचा. त्यात गळालाच लांबट शिशाचं डोकं असतं आणि ते ट्यूबच्या मागच्या उघड्या तोंडातून आत सारायचं. शिसं पाण्यानं ओलं कर, पट्ट्या दुमडू देऊ नकोस, पार पुढपर्यंत ढकल आणि दोरी ओवायची कडी, म्हणजे गळाचा डोळा, चाचपून तिथल्या प्लास्टिकमधून बाहेर काढ. टोक वरच्या बाजूला उघडं राहतं. हीच ट्यूबची मूळ पद्धत, आणि तिच्यासारखी गिरकी दुसऱ्या कशातही नाही. कडी नाकाकडून थोडी मागे काढलीस तर गिरकी मोठी होते, अगदी पुढे काढलीस तर ट्यूब सरळ पडते. पण ही उघड्या टोकाची. धरणाच्या खडकाळ, मुरमाड काठाला ठीक, बेशरमच्या मुळांत नको. पेढीवर ही टाकून दिवसभर गळ सोडवत बसावं लागतं.

तिसरी पद्धत जलपर्णीच्या गालिचावरची. शिसं अजिबात नाही, गळ पहिल्यासारखाच लपवलेला, आणि ट्यूबच्या पोकळीत स्पंजसारख्या बंद फोमचा तुकडा. ती तरंगते. हळूहळू पानांवरून ओढत आणायची आणि पानांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात थांबवायची. मरळ बहुतेक वेळा तिथंच येते. तिकडे काही लोक पोकळीत पाण्यात फसफसणारी गोळी घालून बुडबुडे काढतात. मला ते पसंत नाही. नदीत औषधं कशाला?

हे सगळं आधी पाहून घे. विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात ट्यूब सोडून ती कशी पडते ते नजरेत भर. शेततळ्यात मात्र जाऊ नकोस, हे मी अगदी हात जोडून सांगते. त्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. उघड्या टोकानं तो फाटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं, आणि तू घसरलीस तर त्या गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही. पोहता येणारे लोकही त्यात बुडून गेले आहेत. आपल्या जिल्ह्यात अशी बातमी दर पावसाळ्यात वाचायला मिळते, आणि प्रत्येक वेळी मला तुझी आठवण येते.

आता परवान्याचं. मोठे तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात. त्या पाण्यात संस्थेनं बीज सोडलेलं असतं, त्यावर घरं चालतात. तिथं विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे कोणाच्या उभ्या वावरात शिरणं. आपण भोयांच्या घरच्या पोरी, हे आपल्याला दुसऱ्यानं शिकवायला नको. संस्थेच्या माणसाला भेट, काठीनं धरणार म्हणून सांग, ते बहुतेक हो म्हणतात आणि जागाही दाखवतात. मेळघाटातल्या व्याघ्र प्रकल्पाच्या नद्यांचं तर नावही काढू नकोस, तिथं मासेमारीला बंदी आहे. आणि डोहात स्फोट करणारे, विष टाकणारे कोणी दिसले तर तिथून निघून ये आणि घरी येऊन सांग. ते 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. एका डोहातले पिल्लासकट सगळे मासे त्यात जातात, आणि पुढची कित्येक वर्षं तिथं काही राहत नाही.

पावसाळ्यात तुला एखादे वेळी लव्हाळ्यापाशी पाण्यावर तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा ढग हलताना दिसेल. ती मरळीची पिल्लं. मायबाप खालीच असतात, राखणीला. त्या ढगात काहीही टाकलं तरी ते झडप घालतात. भुकेनं नव्हे, पिल्लं वाचवायला. ही मरळ धरणं सगळ्यात सोपं, म्हणूनच धरायची नाही. मायबाप उचलले की पिल्लं दुसऱ्या माशांच्या आणि पाखरांच्या तोंडी जातात. कोणी तुला ‘आज इथं नक्की लागेल’ म्हणून तिथं नेलं तरी काठी उचलू नकोस.

वलगावच्या काठाबद्दल बोलताना मला गाडगेबाबांची आठवण टाळता येत नाही. 20 डिसेंबर 1956 ला, अमरावतीला नेत असताना, याच पेढीच्या काठी बाबांचा देह पडला. देवाच्या नावानं बकरं-कोंबडं कापू नका म्हणून ते आयुष्यभर सांगत फिरले, स्वतःच्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोड जेवण घातलं. त्यांच्या काठावर आपण मासे धरतो. मी यावर खूप विचार केला आहे, आणि कोणतीही पळवाट काढून तुला देणार नाही. मासा हे आपल्या घराचं पिढ्यांचं अन्न आहे, तेवढंच मला सांगता येतं. पण म्हणूनच मला दोन गोष्टी सोडता येत नाहीत. एक, खायचा तो मासा ताबडतोब मारायचा आणि सगळा वापरायचा, सोडायचा तो ओल्या हातानं धरून लवकर सोडायचा. पक्कडीनं गळाचा उलटा काटा दाबून टाकलास तर गळ सहज निघतो आणि त्याचं तोंड फाटत नाही. दोरी ताणलेली ठेवलीस तर काट्यावाचूनही मासा सुटत नाही. दोन, काठावर आपला एक तुकडाही राहता कामा नये.

दुसरं मी जास्त कळकळीनं सांगते, कारण ते लोकांना क्षुल्लक वाटतं. फाटलेली ट्यूब नदीत कुजत नाही. मासा ती गिळतो आणि ती पोटात तशीच राहते. तुटलेल्या दोरीत बगळ्याचा पाय अडकतो, आणि तो पाय सोडवायला कोणी येत नाही. तुझ्या पिशवीत एक रिकामी डबी ठेव. फाटक्या ट्यूब, दोरीचे तुकडे, वाकडे गळ, सगळं त्यात. दुसऱ्याची पडलेली दोरीही उचल. ज्यांनी हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली, त्यांच्या काठावर आपण निदान आपला कचरा तरी उचलावा.

उरलेल्या ट्यूब आलेल्या पाकिटातच ठेव. कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेल्या मऊ ट्यूबमधलं तेल कधी कधी डबाच विरघळवतं, आणि दोन रंग एकत्र ठेवले की एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. आपल्या वऱ्हाडच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको, त्या चपट्या होतात आणि मग सरळ ओवल्या तरी वाकड्याच पोहतात. माठाजवळच्या फडताळात आडव्या ठेव.

गळ बोटात गेला तर घाबरू नकोस आणि मागे ओढू नकोस, उलट्या काट्यानं मांस फाटेल. दोरी काप, गळ आहे तसा राहू दे आणि सरळ दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच, जखम टिचभर असली तरी. काटा दाबलेला असेल तर तोच गळ मागच्या वाटेनं सहज निघतो, हे काटा दाबायचं दुसरं कारण. पाण्याचंही ध्यानात ठेव. नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला की पेढी एकाएकी चढते, आकाश इकडे निरभ्र असलं तरी. पाण्यात काडीकचरा वाढलेला दिसला की सामान गोळा करायचं, मासा लागलेला असला तरी. काठाची काळी माती भिजली की गुडघ्यापर्यंत पाय ओढते, म्हणून एकटी जाऊ नकोस. पोरी काठी घेऊन नदीवर गेल्या म्हणून बोलणारे बोलतील. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या आपल्या आजीला कोणी काही म्हटलं नाही, मग काठी धरलेल्या नातीला का म्हणावं? त्याची काळजी मी घेईन.

रविवारी अमरावतीला येतेस तेव्हा एक ट्यूब खिशात घालून ये. दुकानात आधी ती दाबून पाहू, मग गळ घेऊ. 3/0 चं एक पाकीट, साडेतीन ग्रॅमचं शिसं आणि एक पक्कड, एवढंच पहिल्या वेळेला. दोरी माझ्याकडे आहे.